लोध्याच्या शेतातली गाय

घुमानच्या नामदेव दरबारात पहाटेचं कीर्तन चालू होतं. एप्रिल २०१५ चा पहिला आठवडा. पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या या गावात ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं आणि नामदेवाच्या ओढीनं आलेल्या मराठी माणसांनी गल्ल्या भरून गेल्या होत्या. मास्तर शाल पांघरून मागच्या भिंतीला टेकून बसले होते. गुरुवाणीतले शब्द कानावरून जात होते. काही कळत होते, बरेचसे कळत नव्हते. मध्येच ‘गऊ’ हा शब्द आला आणि मास्तरांची मान वर झाली. लगोलग ब्राह्मणही आला. गाय आणि ब्राह्मण, एकाच ओळीत! मास्तर सुखावले. शेजारच्या सरदारजींना कोपरानं ढोसून त्यांनी विचारलं, “काय म्हणतोय?”

“बाहेर चला, मग सांगतो,” सरदारजी कुजबुजले. “इथं सांगितलं तर उठून जाल.”

मास्तर हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीच्या आसपासचे. निवृत्त शिक्षक, माळकरी, दावणीला दोन लाल कंधारी गाई. सरदारजी नांदेडचे, पिढ्यान्‌पिढ्या दख्खनी. ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, मराठी अस्सल मराठवाडी. गाव मास्तरांना ‘गुरुजी’ म्हणतं, सरदारजी मात्र कधीच म्हणत नाहीत. गुरू दहा झाले, त्यांच्यानंतर ग्रंथ. आता आणखी कुणाला तो शब्द लावायचा नाही, म्हणून ‘मास्तर’. मास्तरांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

ही जोडी या लेखापुरती उभी केली आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. या विषयाला संवादाची तऱ्हा नवी नाही. स्वामी दयानंदांनी १८८०-८१ च्या सुमारास ‘गोकरुणानिधि’ लिहिलं, त्यात ‘हिंसक’ आणि ‘रक्षक’ यांचा वाद घातला आहे. भाई काहनसिंग नाभा यांचं १८९८ चं ‘हम हिंदू नहीं’ हे गाजलेलं पुस्तकही हिंदू आणि शीख यांच्या प्रश्नोत्तरांतच आहे. अशा पुस्तकांत एक गडी हरण्यासाठीच आखाड्यात उतरवलेला असतो. इथल्या दोघांपैकी तसा कुणी नाही. दोघंही हट्टी आहेत.

बाहेर चहाचा पेला हातात आल्यावर सरदारजींनी अर्थ सांगितला. चाललेली रचना ‘आसा दी वार’, गुरू नानकांची. गुरुद्वाऱ्यांत पहाटे गातात ती हीच. त्या ओळींत नानक सरकारी चाकरीतल्या हिंदूंना झापतात. तुर्की अमलात नोकरी करता, गाईवर आणि ब्राह्मणावर कर बसवता, राज्यकर्त्याचं धान्य खाता; आणि घरी येऊन धोतर नेसून, टिळा लावून, माळ ओढत बसता. वर शेणानं सारवता. शेणानं काही तरून जाता येत नाही! पुढं तर ते चौका घालून ओढलेल्या रेघेलाही सोडत नाहीत. रेघेच्या आत बसलेले खोटारडेच आहेत, म्हणतात.

मास्तरांनी चहा संपवला. “हे गाईविरुद्ध कुठं आहे? ढोंगाविरुद्ध आहे. आमचे तुकोबा तरी दुसरं काय करतात?”

“गाईविरुद्ध नाहीच. पण गाईच्या बाजूनं तरी कुठं आहे? गाईवर कर घेणं वाईट, एवढं कबूल. ते गरिबावरचं ओझं होतं. पण शेणात पुण्य आहे म्हणाल, तर नानक हात जोडतात.”

“आणि मांस?”

“त्याचंही ऐका.” मल्हार रागातल्या एका रचनेत नानक म्हणतात की मांसावरून मूर्ख भांडतात, ज्ञान आणि ध्यान कशाला म्हणतात ते मात्र त्यांना ठाऊक नसतं. देवांच्या नावानं गेंडे मारून होम होत असत, याचीही आठवण ते तिथंच करून देतात. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी गाय आणि डुक्कर एकाच वाक्यात आणले आहेत: दुसऱ्याचा हक्क मारणं हे एकाला डुकरासारखं, दुसऱ्याला गाईसारखं. “म्हणजे खरं गोमांस कोणतं? दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घेतलेलं,” सरदारजी म्हणाले.

१९४५ साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं मंजूर केलेली शीख रहत मर्यादा पाहिली, तर अमृतधारी शिखाला चार गोष्टी वर्ज्य आहेत: केस कापणं, तंबाखू, परस्त्री किंवा परपुरुषाचा संग आणि ‘कुठा’, म्हणजे मुसलमानी पद्धतीनं हलाल केलेलं मांस. त्या यादीत गाईचं नाव नाही. लंगरात मांस शिजत नाही ते वेगळ्या कारणानं: पंगतीला कुणीही बसावं आणि कुणालाही अडचण होऊ नये.

“मग तुम्ही खाता?” मास्तरांनी सरळ विचारलं.

“छे.”

“का नाही?”

सरदारजींनी दाढीवरून हात फिरवला. “घरात कधी शिजलंच नाही. आई म्हणायची, नाही खायचं. एवढंच.”

“हे काही उत्तर झालं नाही.”

“तुमच्याकडं तरी दुसरं काय आहे? ग्रंथांत शोधायला गेलात, तर पंचाईत तुमचीच होईल.”

मास्तर संस्कृत शिकवत असत. पंचाईत कुठं आहे ते त्यांना सरदारजींपेक्षा चांगलं ठाऊक होतं. पाणिनीच्या व्याकरणात पाहुण्यासाठी ‘गोघ्न’ असा शब्द आहे. ज्याच्यासाठी गाय मारतात तो. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या भारतरत्न पां. वा. काण्यांनी वैदिक काळातल्या गोमांसाचे पुरावे दडपले नाहीत. कर्मठ घरात वाढूनही नीट मांडून ठेवले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये अस्पृश्यतेचं मूळच गोमांसाच्या प्रश्नाशी नेऊन भिडवलं. आणि सावरकर? त्यांच्या निबंधाचं नावच ‘गोपालन हवे, गोपूजन नव्हे’. हिंदुत्वाचा विचार मांडणाऱ्या माणसाला गाय देवता वाटत नव्हती, उपयुक्त पशू वाटत होती. हिंदू परंपरा म्हणून एकच एक सूर काढायला बसलं, की पेटी इथंच बेसूर होते.

मास्तर मात्र डगमगले नाहीत. “पाणिनीच्या काळी पाहुण्याला गाय कापत असतील. पुढं बंद केलं ना? माणूस शहाणा होतो तो असाच. मारणारे पाळणारे झाले, ही आमची कमाई आहे. तिला तुम्ही खोटेपणा कसा म्हणता?” मग आवाज थोडा खाली आला. “मी सहा महिन्यांचा असताना आई गेली. कंधारी गाईच्या दुधावर वाढलो. ती जनावर आहे हे मला कळतं, सरदारजी. पण ते मला सावरकरांनी सांगायची गरज नाही, नानकांनीही नाही.”

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. सरदारजींनी दुसरा चहा मागवला. पेल्यातल्या दुधाची दाट साय बघून त्यांनी हळूच खडा टाकला, “हे म्हशीचं आहे बरं का.” पंजाबात म्हणतात, ज्याच्या दारी काळी त्याच्या घरी रोज दिवाळी. मुऱ्हा, नीली-रावी या म्हशींनी हा मुलूख पोसला. साहिवाल गाईचं गाव फाळणीत पलीकडं राहिलं. “दुधावरून आई ठरवायची झाली, तर पंजाबची आई काळी आहे आणि चिखलात बसते. तिची आरती कुणी करत नाही.”

मास्तर हसले. पण हुकमाचं पान त्यांच्याजवळ होतंच, आणि ते टाकायला घुमानइतकी योग्य जागा दुसरी नव्हती.

गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातलं एक लांबलचक पद भैरव रागात आहे. सुलतान नामदेवाला धरून आणतो आणि मेलेली गाय जिवंत करून दाखव म्हणतो. नाहीतर मान उडवीन. नामदेवाची आई रडते, राम सोडून खुदा म्हण एकदा, अशी विनवणी करते. नामदेव ऐकत नाही. हत्ती अंगावर सोडतात. सात घटका उलटून जातात. मग गरुडावर बसून विठ्ठल येतो, गाय उठते. आणि पुढचा तपशील शेतकऱ्यालाच सुचावा असा आहे: नामदेव वासराला पाजवून गाईची धार काढतो आणि दुधानं भरलेली घागर बादशहापुढं नेऊन ठेवतो.

“हे तुमच्या ग्रंथात आहे,” मास्तर म्हणाले. “आमच्या गाथेतून आणलेलं नाही. गाय वाचवण्यासाठी खुद्द देव धावला.”

“गाय वाचवायला नाही, भक्त वाचवायला,” सरदारजी म्हणाले. “सुलतानानं मेंढी मेलेली आणून ठेवली असती, तर देव घरी थांबला असता का?”

“पण त्यानं मेंढी आणली नाही. गायच का आणली? कुठं बोट ठेवलं की दुखेल ते त्याला ठाऊक होतं.”

सरदारजी गप्प बसले. या मुद्द्याला त्यांच्याकडं तोड नव्हती, आणि ती पुढच्या दोन दिवसांतही सापडली नाही. खरं तर पंजाबचा पुढचा सगळा इतिहास मास्तरांच्याच वाक्याला पुरावा देत जातो. गाय हे दुखण्यावर बोट ठेवायचं साधन झालं. कधी एकाच्या हातात, कधी दुसऱ्याच्या.

संमेलन आटोपल्यावर दोघं लुधियानाला निघाले. सरदारजींची मुलगी तिथं दिलेली. जीपमध्ये विषय निघाला महाराजा रणजितसिंगांचा. मास्तरांनी तो आनंदानं काढला, कारण रणजितसिंगांच्या राज्यात गोवधाला बंदी होती. नुसती राज्यातच नाही. १८३८ मध्ये रणजितसिंग, शाह शुजा आणि इंग्रज यांच्यात त्रिपक्षीय तह झाला. त्यात शीख आणि शाह शुजाच्या फौजा एकत्र असतील तिथं गाय कापायची नाही, असं कलमच घातलं होतं. काबूलच्या गादीवर बसायला निघालेल्या पठाणानं ते मान्य केलं.

“आमच्या महादजींनीही बादशहाकडून गोवधबंदीचं फर्मान मिळवलं होतं,” मास्तर म्हणाले. “तेच धोरण!”

“धोरण म्हणालात ते बरोबर,” सरदारजींनी पकडलं. “राज्य कुणाचं, ते दाखवायचं होतं. नाणं आपलं, झेंडा आपला, तशी गाय आपली. पण काश्मिरात शीख अमलात गाय मारली म्हणून देहदंड व्हायचा. तिथल्या गरीब मुसलमानाला त्यात धर्म दिसला असेल का? त्याला दुसरा सुलतानच दिसला असणार.”

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. गहू कापणीला आला होता.

गाय म्हणजे राज्याचा झेंडा, हे इंग्रजांना उशिरा पण पक्कं कळलं. पहिलं शीख युद्ध संपून इंग्रज फौज लाहोरात येऊन बसली. एप्रिल १८४६ मध्ये एका गोऱ्या पहारेकऱ्यानं वाटेत आलेल्या गाईंवर तलवार चालवली आणि शहर उसळलं. पुढच्या वर्षी हेन्री लॉरेन्सला अमृतसरात गोहत्या होणार नाही असा हुकूम काढावा लागला. दरबारसाहिबाशी तो ताम्रपटावर कोरून लावला होता. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला आणि खाटकांना परवानगी मिळाली. ज्यांच्या हातून राज्य गेलं, त्यांना ते गेल्याचं खलित्यातून समजलं नाही. गावाबाहेर उघडलेल्या कत्तलखान्यातून समजलं.

लुधियानाहून मलेरकोटला लांब नाही. मास्तरांनी हट्ट धरला म्हणून सरदारजी घेऊन गेले. तिथं नामधारींचं स्मारक आहे: उंच खंडा, आणि त्याच्या पात्याला आरपार भोकं. एकेक भोक म्हणजे एकेक माणूस. एकूण ६६. त्यात एक लहान आहे.

नामधारी, म्हणजे कूका. बाबा रामसिंग यांनी १८५७ साली भैणी गावात हा पंथ उभा केला. पांढरे कपडे, कपाळावर सरळ बांधलेली पगडी, मांस वर्ज्य, इंग्रजांच्या कचेऱ्या आणि टपालही वर्ज्य. १८७१ च्या जूनमध्ये अमृतसरात काही कूक्यांनी रात्री खाटकांवर हल्ला करून चौघांना मारलं. पोलिसांनी धरले भलतेच लोक. नामधारी सांगतात की बाबांनी आपल्या माणसांना हुकूम केला, जा आणि कबूल करा, निरपराध लटकता कामा नयेत. ते गेले आणि फासावर चढले. जुलैमध्ये रायकोटला पुन्हा तेच घडलं. मग जानेवारी १८७२ मध्ये दीडशेच्या आसपास कूके आधी मलौधवर आणि मग मलेरकोटल्यावर चालून गेले, तिथं हरले आणि पकडले गेले. डेप्युटी कमिशनर कोवन यानं खटल्याची वाट पाहिली नाही. १७ जानेवारीला त्यानं ४९ जणांना तोफेच्या तोंडी दिलं. पन्नासावा होता एक पोरगा. त्यानं कोवनची दाढी धरली म्हणून त्याला तिथंच तलवारीनं तोडलं. दुसऱ्या दिवशी कमिशनर फोर्साइथनं आणखी १६ जणांना तोफेनं उडवलं. कोवनला पुढं बडतर्फ केलं. रामसिंगांना रंगूनला धाडलं, ते परत आले नाहीत.

मास्तर बराच वेळ त्या लहान भोकापाशी उभे होते. “आणि तुम्ही म्हणता शिखांना गाय पूज्य नाही.”

सरदारजींचा चेहरा अवघडलेला होता. त्यांची अडचण मास्तरांच्या लक्षात यायला वेळ लागला. नामधारी देहधारी गुरू मानतात. त्यांच्या श्रद्धेनुसार गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला गेलेच नाहीत. अजापालसिंग या नावानं १८१२ पर्यंत हयात होते आणि गुरूपद त्यांनी पुढं बाबा बालकसिंगांना दिलं. आता हे नांदेडच्या शिखाला कसं पचावं! ज्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या सावलीत तो जन्मला, दुकान थाटलं, तो सचखंडच या हिशेबात बसत नाही.

“शूर होते. माथा टेकतो,” सरदारजी म्हणाले. “पण गाईसाठी मेलेला शीख दाखवा म्हटलं की तुम्ही लोक नेमका त्यांच्यावर हात ठेवता, ज्यांना आमचा पंथ आपला म्हणायला कचरतो. आणि चालून आले ते कुठं? मलेरकोटल्यावर. साहिबजाद्यांना, गुरू गोविंदसिंगांच्या मुलांना, भिंतीत चिणायला निघाले, तेव्हा सरहिंदच्या दरबारात एकट्या इथल्या नवाबानं आवाज उठवला. ते ऋण आम्ही मानतो. सत्तेचाळीसला सगळं पंजाब जळत होतं, या गावात काही झालं नाही. आणि अठराशे बाहत्तर साली कूके इथंच आले, गाईपायी.”

“इंग्रजाशी लढायला आले होते.”

“अमृतसरात आणि रायकोटला मेले ते खाटीक होते, मास्तर. इंग्रज नव्हते. आणि बंदोबस्ताला शीख संस्थानांच्याच फौजा धावल्या होत्या, तेही लिहून ठेवा.”

इथं दोघंही थोडे चिडले होते. स्मारकाबाहेर उसाचा रस मिळत होता. तो दोघांनी न बोलता प्यायला.

रात्री मुलीच्या घरी जेवणं झाल्यावर जावयाच्या वडिलांनी १९८२ ची गोष्ट काढली, आणि ती ऐकताना मास्तरांचा हात जपमाळेवर थांबला. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस अमृतसरच्या मंदिरांपाशी गाईंची कापलेली मुंडकी सापडली. दल खालसा या खलिस्तानवादी संघटनेनं जबाबदारी घेतली. सरकारनं मे महिन्यात त्या संघटनेवर बंदी घातली. त्याच्या आदल्या वर्षी वाद तंबाखूचा होता. अमृतसरात तंबाखू बंद करा अशी शिखांची मागणी, आणि तिला उत्तर म्हणून विरोधकांनी काठ्यांना सिगारेटी बांधून काढलेला मोर्चा. ज्याला जे अपवित्र, ते त्याच्या दारात नेऊन टाकायचं. नामदेवाच्या पदातला सुलतान आता दोन्ही बाजूंना होता.

“ज्यांनी ती मुंडकी टाकली,” म्हातारे म्हणाले, “त्यांच्या घरातही गाय कापलेली खपली नसती.”

अमृतसरहून नांदेडला येणारी सचखंड एक्स्प्रेस लुधियानाला थांबते. वाटेत स्टेशनांवर सेवेकरी डब्याशी येऊन लंगर वाढतात. तिकीट कुठलं, जात कुठली, विचारत नाहीत. खिचडीची पत्रावळ मांडीवर घेऊन मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. महाराष्ट्राचा नवा कायदा महिन्याभरापूर्वीच लागू झाला होता. गोवधबंदी राज्यात १९७६ च्या कायद्यानं आधीच होती. पण बैल त्यातून सुटलेला होता. म्हातारा झालेला बैल तपासून, दाखला घेऊन कापता येत असे. १९९५ मध्ये विधिमंडळानं ती वाट बंद करणारं विधेयक मंजूर केलं आणि तब्बल वीस वर्षांनी राष्ट्रपतींची सही झाली. विनोबांची माणसं देवनार कत्तलखान्याच्या फाटकावर १९८२ पासून जे मागत होती, ते हेच.

“झालं तुमच्या मनासारखं,” सरदारजी म्हणाले.

मास्तर काही बोलले नाहीत.

“एक विचारू? रागावू नका. पोळ्याला तुम्ही बैल सजवता. शिंगं रंगवता, पुरणपोळी चारता, पाया पडता. तुमचा तो ढवळ्या, मी बघितलेला. तो कुठं गेला?”

गाडी एका मोठ्या पुलावरून चालली होती. आवाज ओसरेपर्यंत मास्तर थांबले.

“माळेगावच्या जत्रेत विकला. दुष्काळ होता. कडबा परवडत नव्हता.”

“कुणाला?”

“व्यापाऱ्याला.”

“तो औताला जुंपणार होता?”

“चौदा वर्षांचा बैल कोण औताला जुंपतो,” मास्तर म्हणाले. “पैसे मोजून घेतले आणि मागं वळून पाहिलं नाही. दावं मात्र दिलं नाही, घरी आणलं. का आणलं ते विचारू नका.”

सरदारजींनी विचारलं नाही. ही सगळी वादावादी ग्रंथांतून, राजांतून, फाशी आणि तोफांतून हिंडत शेवटी या दाव्यापाशी येते, असं निदान हे लिहिणाऱ्याला वाटतं. मराठवाड्यातला शेतकरी पोळ्याच्या दिवशी खोटं वागत नाही आणि जत्रेच्या दिवशीही खोटं वागत नाही. त्याच्या घरात दोन्ही दिवस खरे असतात. कायदा त्यातला एकच दिवस बघतो.

“पण मी व्यापाऱ्याला दिला म्हणून ते योग्य ठरत नाही,” थोड्या वेळानं मास्तरच म्हणाले. “मला लाज वाटली. कायद्यानं ती वाटच बंद केली, तर बरंच झालं की.”

“वाट बंद केली की जनावर कुठं जातं ते पंजाबात पाहिलंत ना?”

पाहिलं होतं. पंजाबात १९५५ चा गोवधबंदीचा कायदा आहे. शेतात ट्रॅक्टर आले, बैल संपला. दुधासाठी होल्स्टीन संकराच्या गाई आल्या. त्यांचे गोऱ्हे कुणाला नकोत, आटलेल्या गाईही नकोत. रात्री ट्रॉलीत घालून कुणीतरी दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडून येतं, ते गाव तिसऱ्याच्या वेशीवर सोडतं. सोडणारा शीखही असतो, हिंदूही. बटाल्याच्या रस्त्यावर मध्यरात्री हेडलाइटात अचानक उभं राहिलेलं काळं-पांढरं धूड चुकवताना यांच्या जीपचा चालक कळवळून देवाला हाक मारता मारता शिवी हासडून गेला होता. शेतकरी गव्हाभोवती तारा ओढतात, पाळ्या लावून जागतात. पंजाबच्या शहरांत मग विजेवर, दारूवर, गाड्यांवर ‘काऊ सेस’ बसला. गाईवर कर घेणाऱ्यांना नानकांनी सुनावलं होतं. आता गाईसाठी कर आहे. त्यांनी याचं काय केलं असतं ते सांगणं कठीण. बहुधा आधी विचारलं असतं की पैसा जातो कुठं.

महाराष्ट्रातही पुढं घडामोडी झाल्याच. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. २०२४ मध्ये सरकारनं देशी गाईला ‘राज्यमाता’ जाहीर केलं. संकरित गाईला नाही. आई कोण आणि कोण नाही हे आता वशिंडावरून ठरतं, असं सरदारजी फोनवर म्हणाल्याचं मास्तर सांगतात. मास्तरांनी त्यावर ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणून फोन ठेवला होता. लाल कंधारी देशी आहे. त्यांना आनंदच झाला होता.

पण ते नंतरचं. त्या दिवशी गाडीत अंधार पडल्यावर मास्तरांनी पिशवीतून वही काढली. “ते गाय जिवंत झाल्याचं पद देवनागरीत उतरवून द्या. एकादशीला गावात लावतो.”

सरदारजींनी ते उतरवून दिलं. पानाच्या पाठीवर, न सांगता, दुसरंही एक लिहिलं. “हेही त्यांचंच आहे. गोंड रागातलं. तुमच्या गाथेत नसेल.”

मास्तरांनी चष्मा सारखा करून वाचायला घेतलं. या पदात नामदेव पांडेबुवांना उद्देशून बोलतात. तुमची गायत्री, म्हणे, मी पाहिली. लोध्याच्या शेतात शिरून पीक खात होती. त्यानं सोटा घालून तिचा पाय मोडला, तेव्हापासून लंगडत चालते. मंत्रांची माता गायत्री, आणि नामदेवानं तिला गाय करून परक्याच्या रानात सोडली! पुढं महादेवाचा पांढरा बैल येतो, रामचंद्रही सुटत नाहीत. शेवटी हिंदू आंधळा ठरतो, तुर्क एका डोळ्याचा, आणि नामा अशा ठिकाणी जाऊन बसतो जिथं देऊळही नाही आणि मशीदही नाही.

मास्तरांनी पान दोनदा वाचलं. मग उलटून पुढचं वाचलं, पुन्हा मागचं. एकीकडं मेलेली गाय उठून दूध देते, दुसरीकडं जिवंत गाय सोटा खाऊन लंगडते. लिहिणारा एकच, शिंपी, नरसीचा.

“हे गावात लावता येणार नाही,” सरदारजी हसत म्हणाले.

मास्तर हसले नाहीत. काहीतरी अडलं होतं. शिक्षक असले तरी चार एकर कोरडवाहू त्यांनी स्वतः केलं होतं.

“लोधा म्हणजे कोण?”

“शेतकरी. तिकडं उत्तरेत त्या जातीचे लोक आहेत, शेती करणारे.”

“म्हणजे कुणब्यासारखा?”

“तसंच म्हणा.”

मास्तरांनी वही मिटली, परत उघडली, बोटानं ती ओळ दाखवली. “गाईचा पाय मोडला, त्याचं पद झालं. त्याचं पीक गेलं, ते कुणी भरून दिलं?”

सरदारजींनी वही आपल्याकडं ओढून घेतली आणि पद पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागले.